शनिवारी चार वाजता, बैठकीत

कमलबाईंशी माझं शेवटचं बोलणं झालं ते एका कार्टूनवरून. हे असं सरळ लिहिलं की आमच्या घरातल्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. पडू देत. थोरली जाऊ गेली तर तिच्या तोंडी शेवटी देवाचं नाव असावं, निदान नातवाचं तरी, असं लोकांना वाटतं. बाईंच्या तोंडी दोन्ही नव्हती. मागच्या खोलीत त्या उशांना टेकून बसल्या होत्या, मांडीवर टॅब, पाय सुजलेले, दम लागलेला... आणि मला म्हणाल्या, "पुष्पे, शनिवारी चार वाजता शेवटचा भाग येऊन राह्यला. मी असो नसो, बैठकीत लावजो. मोठ्या टीव्हीवर. मागं लपून नाही." मी म्हटलं, "बाई, तुमीच लावसान ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एकही भाग न पाहता मत देते आहे. "लावशीन का नाही, तेवढं सांग." मी म्हटलं, लावीन. मंगळवारी सकाळी त्या गेल्या. हृदय कमजोर झालं होतं, डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं, तरी सांगितलेलं आणि झालेलं यात फार अंतर असतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी आली. 'त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.' हे वाक्य बहुधा जुळवूनच ठेवलेलं असतं, नाव तेवढं बदलतात. बाई धार्मिक होत्या म्हणजे चतुर्थी करायच्या, बस. आणि मनमिळाऊ? अहो, ज्या बाईनं एका कार्टूनच्या शेवटावरून शेजारच्या शमीमआपांशी अबोला धरला होता, ती मनमिळाऊ? कमलबाई जपानी कार्टूनच्या कट्टर, भांडखोर, पक्क्या रसिक होत्या. त्याला अ‍ॅनिमे म्हणतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. ते पेपरात द्यायची घरच्यांना लाज वाटली. मला वाटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बाई आणि महाराष्ट्र राज्य एकाच वयाची. "दोघायलेही अजून लोक सुधरूनच राह्यले," असं त्या म्हणायच्या. माहेर धाड गावचं. त्या शाळकरी असताना सरकारची प्रचाराची गाडी गावात आली होती. शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा बांधला, सगळं गाव पोती अंथरून बसलं, आणि आधी पोरांसाठी म्हणून एक चित्रांचा सिनेमा लावला. एक कोल्ही डोक्यावर टोपली घेऊन पुराची नदी ओलांडत होती. ती मध्यावर पोचली आणि साहेब आले. सिनेमा थांबवला, आणि संकरित ज्वारीवर भाषण सुरू झालं. भाषण संपेपर्यंत पोरं झोपली, गाडी निघून गेली. बाई मात्र जाग्या होत्या, आणि रागावलेल्या होत्या. तो सिनेमा जपानीच होता, असं त्या पुढे छातीठोकपणे सांगायच्या. कशावरून, तर पाणी ज्या तऱ्हेनं काढलं होतं त्यावरून. मला ते कधी पटलं नाही, पण तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. एवढं मात्र खरं, की जे लावलं ते मधेच बंद करणाऱ्या माणसाला त्या जन्मभर हलकट समजत आल्या.

मी लोणारहून लग्न होऊन नांदुऱ्याला आले तेव्हा बाई या घरात रुळलेल्या होत्या. आमची धान्याची अडत. पुढे दुकान, मधे बैठक, मागे आम्ही बायका. थोरले भाऊजी फार लवकर गेले. बाईंच्या पदरात एकटा विनोद. रविवारी सकाळी टीव्हीवर हिंदीत केलेलं एक जपानी कार्टून लागायचं, ते पाहायला विनोद आंघोळ अर्धी टाकून यायचा. बाई कणीक मळता मळता उंबऱ्यात उभ्या राहायच्या. मग उंबऱ्यातून आत आल्या. मग परात घेऊन खालीच बसायला लागल्या. विनोद मोठा झाला, दहावीत गेला, क्रिकेट पाहायला लागला. त्याची आवड त्यानं टाकली आणि बाईंनी उचलली. पुढे केबल आली, सीडी आल्या, मोबाइल आला, आणि बाई प्रत्येकावर स्वार होत गेल्या. पोराच्या जुन्या शर्टाचं पायपुसणं करतात ना, तितक्याच सहज.

सुरुवातीला लोक हसले. नंतरही हसतच राहिले. पण बाईंशी वाद घालायला कोणी आलं की परत जाताना त्याचं तोंड पाहण्यासारखं असायचं. एकदा आमच्या नात्यातली एक प्राध्यापकीण म्हणाली, "काकू, या चित्रांचे डोळे बघा ना, बटाट्याएवढे. माणसाचे असतात का असे?" बाई म्हणाल्या, "देवळातल्या देवीचे चांदीचे डोळे पाह्यले का? कानापोत लावते. तिथं त तू हात जोडते." दुसऱ्या कोणी तरी म्हटलं, हे लहान पोरांचं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कोल्हा गोष्टीत बोलला त ज्ञान, अन् चित्रात बोलला त पोरखेळ. हे कोणत्या पंचायतीत ठरलं?"

आणि म्हणून त्या आंधळ्या भक्त होत्या असं मात्र कोणी समजू नये. त्यांच्याइतकी शिव्या घालणारी रसिक मी पाहिली नाही. ज्या मालिकांत दोघे पैलवान समोरासमोर उभे राहून ओरडतात, केस उभे होतात, जमीन फाटते, त्या त्यांना अजिबात खपायच्या नाहीत. "एक ठोसा मारायले तीन भाग! एवढ्या वेळात आपल्या ग्रामपंचायतीचा ठराव पास होते." पोरींना उगाच आखूड कपडे घातलेले दिसले की टॅब उलटा ठेवायच्या. "एवढं पाऊस, पाणी, झाडं काढता येते, अन् कापड काढता येत नाही?" हिंदी डबिंगवर तर दात. सगळी माणसं बाजारात संत्री विकल्यासारखी बोलतात, म्हणायच्या. म्हणून मूळ जपानी ऐकत, खालची इंग्रजी ओळ वाचत पाहायच्या. दहावीपर्यंतचं इंग्रजी. पहिल्यांदा अक्षरं पळून जायची, तर त्या मागं घेऊन पुन्हा लावायच्या, पुन्हा मागं घेऊन पुन्हा... दोन वर्षांत त्या अक्षरांच्या पुढे गेल्या. "इलाज नाही" हे तिकडचे लोक उठता बसता म्हणतात, हे त्यांचं एक निरीक्षण. ते त्यांना मुळीच आवडायचं नाही. "इलाज असते. पाह्यत नाहीत लेकाचे."

त्यांना आवडायचं ते वेगळंच. कढईतून वाफ कशी निघते ते कोणी तरी बसून काढलं आहे, हे त्यांना आवडायचं. ज्याला आपण खलनायक म्हणतो त्याचीही आई दाखवतात, हे आवडायचं. म्हाताऱ्या बायका नुसत्या आशीर्वाद द्यायला नसतात, त्यांना कामं असतात, भांडणं असतात, हे तर फारच. आणि सगळ्यात जास्त काय, तर काहीच घडत नाही तेव्हाचं चित्र. गवत हलतंय, वाळत घातलेलं कापड हलतंय, कोणी बोलत नाही. शमीमआपांना असल्या वेळी जांभया यायच्या. आपांचं बांगड्यांचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लागून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या मागच्या दारानं यायच्या. बाई त्यांना म्हणायच्या, "आपा, मारामारी कोणीही काढते. हे काही न होणं काढाले अक्कल लागते." आपा म्हणायच्या, "लगती होगी, पर नींद आती उसका क्या?" यावरून दोघींची रोज जुंपायची आणि रोज चहा व्हायचा. तो अबोला झाला तो मात्र वेगळ्या गोष्टीवरून. एका मालिकेत मेलेला नायक शेवटी परत आणला होता. आपा खूश. बाई संतापल्या. "मंग आपून रडलो ते काय होतं? मेलेला माणूस असा उचलून परत आणला, म्हंजे रडणाऱ्याचा अपमान होते." ज्या बाईचा नवरा ऐन तिशीत गेला तिनं हे म्हटलं, तेव्हा मी चहाची कपबशी खाली ठेवली.

आता बैठकीचं सांगते, कारण सगळं अडलं होतं ते तिथंच. आमच्या बैठकीत भिंतीएवढा टीव्ही आहे. त्यावर बाजारभाव, बातम्या, क्रिकेट. अडतीवर माल घेऊन आलेले शेतकरी तिथं टेकतात, चहा घेतात. बाईंचं कार्टून मागच्या खोलीत, टॅबवर, दार लोटून. बाहेर कोणाची चाहूल लागली की आवाज कमी. ही रीत कोणी लिहून दिली नव्हती, पण घरात सगळ्यांना पाठ होती. दीडेक वर्षापूर्वी त्यांची ही शेवटची मालिका सुरू झाली. एका लहानशा बेटावरची शाळा बंद पडायला आली आहे, आणि तिथल्या आठ मुली रस्सीखेचीचा संघ काढतात. एवढीच गोष्ट. बाई त्यात बुडून गेल्या. जपानी नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी सगळ्या पोरींना आपली नावं दिली. पोलीस पाटलीण, चिंगी, झिपरी... आणि दोराच्या टोकाला कमरेशी वेढा घेऊन उभी राहते ती जाड, अबोल मुलगी, तिचं नाव गोदी. यातला एक भाग, समुद्राकाठच्या चिखलात सरावाचा, त्यांना मोठ्या पडद्यावर पाहायचा होता. त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं. विचारलं म्हणजे काय, आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं. हे वहिनीला फार मानणारे. वहिनीचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. पण म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाइकं येऊन बसते. बैठकीत कार्टून बरं नाही दिसत." बाई "बरं" म्हणाल्या आणि मागं गेल्या. त्या दिवशी त्यांनी तो भाग पाहिलाच नाही. मला म्हणाल्या, "पुष्पे, त्यायले कार्टूनची लाज नाही वाटत. माही वाटते." मी पुष्कळ समजूत घातली, पण खरं सांगायचं तर त्या बरोबर बोलत होत्या.

तर असा तो शनिवार आला. घरात सुतक. आमच्याकडे सुतकात टीव्ही लावत नाहीत. मंगळवारीच कोणी तरी बैठकीतल्या टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला होता. सतरंजीवर माणसं बसलेली, भेटायला आलेले लोक, जळगाव जामोदचे पाहुणे, अडतीवरचे दोन शेतकरी, पुण्याहून आलेला विनोद, डोकं नुकतंच भादरलेलं. तेच ते बोलणं चाललेलं... कधी, कसं, फार सोसलं नाही हो, भाग्याची गेली. मी आतून आले आणि टॉवेल काढला.

हे म्हणाले, "पुष्पा, सुतक हाये."

मी म्हटलं, "हाये ना. ज्यायचं सुतक हाये, त्यायचंच काम करून राह्यली."

विनोद उठून माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "काकू, नको ना. तेराव्यानंतर बघू. आत्ता लोक हसतील आईला." पोरगा वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आईचं हसू होऊ नये हीच त्याची तळमळ होती. पण मला त्या क्षणी रागच आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी म्हटलं, "हसाचे ते वीस वर्षं हासलेच. मागं दार लोटून बसली तरी हासले. आता समोर बसून हासू दे, कोण हासते ते मलेही पाहू दे." तेवढ्यात पुढच्या दारानं शमीमआपा आल्या. इतक्या वर्षांत त्या मागच्याच दारानं येत होत्या. "चार बजे ना, पुष्पा?" म्हणाल्या, आणि सगळ्या पुरुषांच्या पुढे, सतरंजीच्या पहिल्या टोकाला मांडी घालून बसल्या.

टीव्ही लागला. कोण पाहणार आहे, असं पडद्यावर विचारतात ना, तिथं नावांचे चौकोन आले. विनोद, त्याची बायको, आणि आई. या चौकोनाचीही एक गंमत आहे. विनोदनं आधी आईला लहान मुलांच्या चौकोनात टाकलं होतं, कार्टूनच पाहते म्हणून. त्यात अर्ध्या मालिका दिसायच्याच नाहीत. बाईंनी पुण्याला फोन लावून त्याला असा झोडला होता की त्यानं जेवण सोडून पहिलं ते काम केलं. ते मोठाल्या अक्षरांतलं 'आई' बैठकीच्या भिंतीवर उजळलं, तसा विनोद खाली बसला. मी त्या नावावर बटण दाबलं.

सुरुवातीला माणसं एकमेकांकडे पाहत होती. एक पाहुणे तंबाखू मळत बसले, पडद्याकडे न पाहण्याचा निश्चय करून. मुली मैदानात आल्या. दोर गवतावर पडलेला. कोणी उचलत नाही. वारा सुटलेला, गवत हलतंय, एका मुलीची रिबीन हलतेय, आणि बाकी काही म्हणजे काही नाही... पाहुणे म्हणाले, "बंद पडलं वाटते." आपा मागं न पाहता म्हणाल्या, "चालू है. देखो." ज्या आपांना याच जागी जांभई यायची, त्या आपा. विनोदनं विचारलं, "काकू, ती सगळ्यात मागची कोण?" मी म्हटलं, "गोदी. चूप बस, आधीचे भाग पाह्यले नाही अन् मधात इचारू नोको." मग पोरींनी दोर उचलला, आणि मी पाहिलं तर अडतीवरच्या त्या दोन शेतकऱ्यांपैकी एकानं टाचा रोवल्या होत्या. सतरंजीला सुरकुत्या पडल्या, तरी त्याला पत्ता नाही. तंबाखू मळायची थांबली होती. आणि मला रडू आलं. मंगळवारपासून चहाची भांडी, फोन, पाहुण्यांच्या अंथरुणांत मला रडायला सवड मिळाली नव्हती. आता बैठकीच्या मधोमध उभी राहून, हातात रिमोट घेऊन, पदर तोंडाला न लावता मी रडले. बाईंसाठी रडले, त्या गोदीसाठी रडले, कुणासाठी किती ते मला वेगळं सांगता येणार नाही.

त्या पोरी जिंकल्या की हरल्या? तेरवीला आलेल्या निम्म्या लोकांनी मला हे विचारलं. याचा अर्थ शनिवारची बातमी गावभर झाली होती. हसले का? हसले असतीलही. माझ्यासमोर कोणी हसलं नाही. बाईंचं म्हणणं होतं की त्या हरल्या पाहिजेत, आपांचं म्हणणं जिंकल्या पाहिजेत. निकाल मी कोणाला सांगितला नाही आणि इथंही सांगणार नाही. शेवट आधी फोडणाऱ्याला बाई घरात उभं करत नसत. ज्याला कळून घ्यायचं असेल त्यानं पहिल्या भागापासून बसावं. विनोद बसला आहे. पुण्याहून त्याचा फोन येतो, बायकोलाही बसवलं म्हणतो. परवा चिडून म्हणाला, यातली पोलीस पाटलीण कोणती तेच कळत नाही, खाली सगळी जपानी नावं येतात. मी त्याला एकेकीची ओळख करून दिली. आईनं ठेवलेली नावं आता त्याच्या घरातही चालतात.

आणि आमच्याकडे? मालिका संपली, पण शनिवार संपलेला नाही. बाईंनी पाहायच्या म्हणून ठेवलेल्या सिनेमांची रास मोठी आहे. चार वाजले की मी आणि आपा बैठकीत बसतो. दुकानाकडचं दार उघडं असतं. ह्यांनी पहिल्या दोन शनिवारी बाजार समितीत काम काढलं. तिसऱ्या शनिवारी काम निघालं नाही, तर आपले हिशेबाच्या गादीवर टीव्हीकडे पाठ करून बसले. गेल्या शनिवारी नांदुऱ्याच्याच बाजूचा एक जुना ओळखीचा शेतकरी सोयाबीनचा भाव विचारायला थेट बैठकीत आला. पडद्यावर एक म्हातारी होडीला डांबर लावत होती, बराच वेळ, नुसतीच. तो दारातच थबकला, म्हणाला, "हे काय लावलं शेठ? पोरं आली काय घरी?"

मी तोंड उघडणार होते. माझ्याआधी हे बोलले. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"पोरं नाही आली. वहिनीचा टाइम हाये हा," ते म्हणाले. "बस. भाव मंग सांगतो."